ट्रकचं इंजिन गरमच होत नाही, तेव्हा दोष कुठे शोधायचा?

इंजिन तापलं की सगळ्यांची धावपळ होते. काटा लाल पट्ट्याकडे सरकला की ड्रायव्हर गाडी बाजूला घेतो, केबिन उचलली जाते, फोनाफोनी सुरू होते. काटा वर चढतच नसेल तर मात्र कुणाला घाई नसते. उलट "आपलं इंजिन एकदम थंड चालतं" असं अभिमानाने सांगणारे ड्रायव्हर मला कितीदा तरी भेटलेत. ते ऐकलं की मला काळजी वाटते. असा ट्रक रोज थोडाथोडा आतून झिजत असतो आणि मालकाला ते कळतं डिझेलच्या हिशेबातून, नाहीतर थेट इंजिन खोलल्यावर.

बहुतेक ट्रकांची डिझेल इंजिनं अशा बेताने बनवलेली असतात की कूलंट साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसला राहावं. (पुढचे सगळे आकडेही सेल्सिअसमध्येच आहेत.) नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, तो सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. पिस्टन आणि लायनर (पिस्टन ज्यात खालीवर होतो ती नळी) यांच्यातली फट, ऑइलचा पातळपणा, डिझेलचा फवारा किती पटकन पेट घेईल, या सगळ्याचा हिशेब त्या तापमानाला धरून केलेला असतो. इंजिन ५५-६० अंशांवरच रेंगाळत राहिलं तर लायनरच्या भिंती गार राहतात. डिझेलचा काही भाग न जळता तिथे चिकटतो, ऑइलचा थर धुऊन काढतो आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली आणि ऑइलला डिझेलचा वास आला, तर ही शंका आधी घ्यायची.

पाण्याचंही तसंच. एक लिटर डिझेल पूर्ण जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गरम इंजिनात ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थोडं रिंगांवरून खाली उतरलं तरी ऑइलच्या उष्णतेने उडतं आणि ब्रीदरवाटे, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून, बाहेर पडतं. गार इंजिनात तेच पाणी आत साचतं. डिझेलमधल्या गंधकाशी मिळून त्याचं आम्ल होतं आणि ते लायनर खातं. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट चिकट थर जमतो. हा थर पाहून हेड गॅस्केट गेलं असं ठरवलं आणि हेड उतरवलं, असं मी स्वतः पाहिलंय. गॅस्केट शाबूत होतं. ते इंजिन फक्त कित्येक महिने गार चाललं होतं.

नव्या गाड्यांमध्ये यात आणखी भर पडते. ईसीएमला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, इंजिन अजून गारच आहे असं दिसलं की ते इंधनाचं प्रमाण आणि फवाऱ्याची वेळ गार इंजिनाच्या हिशेबाने ठेवतं. अनेक गाड्यांत कूलंट पुरेसं तापल्याशिवाय डीपीएफची (एक्झॉस्टमधली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) काजळी जाळण्याचं काम सुरूच होत नाही. एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा युरियाचा फवारा सुरू व्हायला एक्झॉस्टही साधारण २०० अंशांच्या आसपास तापावं लागतं. म्हणजे फिल्टर वारंवार तुंबत असेल आणि त्यावरच खर्च होत असेल, तर एकदा कूलंटचं तापमान बघा. मूळ दोष एखाद्या छोट्याशा झडपेत सापडू शकतो.

ही झडप म्हणजे थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅटच्या पोटात पितळेची एक डबी असते आणि तिच्यात मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला हे मेण वितळतं, फुगतं, एका दांड्याला ढकलतं आणि झडप उघडते. गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग झडप पुन्हा बंद करते. साध्या थर्मोस्टॅटमध्ये ना वायर असते ना वीज. अंगावर आकडा कोरलेला असतो, समजा ८२. म्हणजे ८२ अंशांना झडप उघडायला लागेल आणि अजून दहा-पंधरा अंश वर गेल्यावर पूर्ण उघडेल.

झडप बंद असताना कूलंट थांबून राहत नाही. वॉटर पंप ते फिरवतच असतो, फक्त रेडिएटरकडे न जाता ते बायपासच्या वाटेने पुन्हा पंपाकडे येतं आणि इंजिनातच घुमत राहतं. म्हणून ते लवकर तापतं. झडप उघडली की रेडिएटरची वाट मोकळी होते आणि बऱ्याच इंजिनांत त्याच वेळी बायपासची वाट बंद होत जाते. हा दुसरा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

इंजिन गार राहण्याची कारणं शोधायची म्हणजे खरं तर एवढंच विचारायचं: उष्णता तयारच कमी होतेय का, की झालेली उष्णता नको तेव्हा रेडिएटरकडे जातेय? पण त्याच्याही आधी एक प्रश्न येतो आणि घाईत नेमका तोच राहून जातो.

काटा खरं बोलतोय का?

गेज कमी दाखवतंय याचा अर्थ इंजिन गारच आहे असा होत नाही. सेन्सर, वायर, अर्थिंग, गेज, यांपैकी काहीही चुकू शकतं. आणि एक शक्यता अशी आहे की ती नजरेतून सुटली तर इंजिन हातचं जाईल. कूलंटची पातळी खूप खाली गेली असेल तर सेन्सरचं टोक कूलंटमध्ये न बुडता हवेच्या किंवा वाफेच्या पोकळीत राहतं. इंजिन भट्टीसारखं तापलेलं असतं आणि काटा मात्र खाली. म्हणून सगळ्यात पहिलं काम, इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी बघायची. गरम इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका. आतलं कूलंट दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते उकळून अंगावर उसळतं.

पातळी बरोबर असेल तर दुसरी तपासणी सकाळी करा, रात्रभर गाडी उभी राहिल्यावर. स्कॅनर लावून इंजिन सुरू न करता फक्त इग्निशन चालू करा आणि कूलंट, ऑइल आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. रात्रभर उभ्या गाडीत हे सगळे आकडे बाहेरच्या हवेइतके आणि एकमेकांच्या दोन-चार अंशांच्या आत असायला हवेत. बाकी सगळे २४-२५ सांगताहेत आणि कूलंट ११ सांगतोय, तर थर्मोस्टॅटला हात लावायची गरज नाही, सेन्सर किंवा त्याची वायर बघा. आकडा उणे ४० दाखवत असेल तर ते हवामान नव्हे, वायर तुटलीय किंवा प्लग सुटलाय. या सेन्सरचा स्वभाव असा की गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त असतो आणि तापेल तसा तो उतरत जातो. बऱ्याच सेन्सरांत २० अंशांना तो दोन-अडीच हजार ओहम असतो आणि ८०-९० अंशांना दोनशे-तीनशेवर येतो. सर्किट तुटलं की रेझिस्टन्स अमर्याद, आणि ईसीएम त्याचा अर्थ कडाक्याची थंडी असा लावतं. प्लगच्या पिनांवर गंज चढला की असाच थोडा रेझिस्टन्स वाढतो आणि इंजिन खऱ्यापेक्षा दहा-पंधरा अंश गार दिसतं.

काही गाड्यांत गेजचा सेन्सर वेगळा आणि ईसीएमचा वेगळा असतो. स्कॅनरवर ८६ आणि डॅशबोर्डचा काटा तळाशी, असं असेल तर इंजिन ठीक आहे, दोष गेजच्या सेन्सरपासून गेजपर्यंतच्या वाटेत आहे.

फॉल्ट कोडही इथे दिशा दाखवतो. मोठ्या ट्रकांच्या जे१९३९ पद्धतीत (ट्रकमधले संगणक ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) एसपीएन म्हणजे तक्रार कशाबद्दल आहे त्याचा क्रमांक, आणि एसपीएन ११० म्हणजे कूलंटचं तापमान. त्याच्यासोबत एफएमआय (दोष कोणत्या प्रकारचा ते सांगणारा आकडा) १७ किंवा १८ आला तर संगणक म्हणतोय की आकडा भरवशाचा आहे, पण असायला हवा त्यापेक्षा कमी आहे. एफएमआय ३, ४ किंवा ५ आला तर तक्रार विजेची आहे, वायरिंग बघा. लहान गाड्यांमध्ये पी०१२८ हा कोड याच जातीचा: कूलंट थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचत नाही. कोड वाचून लगेच थर्मोस्टॅट मागवणारे बरेच असतात आणि बऱ्याचदा ते बरोबरही ठरतात, पण सकाळची पाच मिनिटांची तपासणी मी तरी कधी टाळत नाही.

तापमान मोजायची बंदूक असेल तर थर्मोस्टॅटच्या घरावर नेम धरून आकडा ताडून बघता येतो. फक्त चकचकीत ॲल्युमिनियमवर थेट मारू नका, अशा पृष्ठभागावर ती बरंच कमी दाखवते. तिथे काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि त्याच्यावर मोजा. या एका गोष्टीपायी ठणठणीत इंजिनाला गार ठरवलं गेल्याचं मी पाहिलंय.

काटा खरा असेल तर

आता मानू या की इंजिन खरंच गार आहे. गाडी कधी गार पडते ते ड्रायव्हरला नीट विचारा. "नेहमीच गार असते" एवढ्यावर थांबू नका. उभी असताना काटा बरोबर जागेवर येतो आणि वेग घेतला की खाली येतो? भरलेली गाडी चढावर असताना ठीक, रिकामी सपाटीवर किंवा उतारावर गार? असं असेल तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय किंवा नीट बंद होत नाहीये, हे जवळपास ठरल्यात जमा. चढावर इंजिन इतकी उष्णता तयार करतं की झडप उघडी असली तरी तापमान टिकतं. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय निघाला की इंधनच जात नाही, समोरून वारा रेडिएटरवर आदळत असतो, आणि झडप बंद व्हायला हवी तेव्हा ती उघडीच असते. चांगला थर्मोस्टॅट असता तर काटा थोडा उतरून थांबला असता. इथे तो घसरतच राहतो.

उलट, उभ्या गाडीत बराच वेळ आयडल चालू ठेवल्यावरच इंजिन गार पडत असेल आणि बाहेर कडाक्याची थंडी असेल, तर त्यात दोष असेलच असं नाही. डिझेल इंजिन आयडलला फार कमी डिझेल जाळतं आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेऊन बाहेर सोडतं. त्यात केबिनचा हीटर पूर्ण चालू असेल तर तयार होणारी थोडीफार उष्णता तोच काढून घेतो. झडप पूर्ण बंद असली तरी अशा वेळी काटा खाली येतो. इथे पार्ट बदलून काहीही साधत नाही. गाडी लोडवर चालवली की तापमान आपोआप वर येतं का, ते बघायचं.

आणि हीटरमधून गार हवा येते म्हणून इंजिन गार, हाही घाईचा निष्कर्ष. हीटरच्या वाटेत हवा अडकली असेल, हीटरचा कोर तुंबला असेल किंवा त्याचा वॉल्व उघडत नसेल, तरीही हेच होतं. हीटरच्या दोन्ही होज पाइपांना हात लावून बघा. एक गरम आणि दुसरा गार असेल तर तिथे प्रवाह नाही.

आता माझी सर्वात आवडती तपासणी, हिला अवजार लागत नाही. पूर्ण गार इंजिन सुरू करायचं आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर तळहात ठेवायचा. इंजिनाच्या तोंडाला लागलेला पंखा कधीही अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बाह्या सैल नकोत, हात पंख्यापासून लांबच्या बाजूने न्यायचा आणि चाकांखाली अडसर लावलेला असावा. (ज्या गाड्यांत थर्मोस्टॅट इंजिनातून कूलंट बाहेर पडतं त्या तोंडाशी असतो, त्यांची ही तपासणी. तो आत येण्याच्या वाटेवर असेल तर खालचा पाइप बघावा लागतो.) इंजिन ४० झालं, ५० झालं, ६० झालं, पाइप गारच राहायला हवा. मग थर्मोस्टॅटच्या आकड्याजवळ आल्यावर पाइपातून ऊब एकदम यायला लागते, तळहाताला ते स्पष्ट कळतं, आणि मिनिटा-दोन मिनिटांत हात ठेववत नाही. हे असं झालं तर झडप आपलं काम करतेय. पण इंजिन ४० वर असतानाच पाइप कोमट, ५० ला थोडा जास्त, असा इंजिनाच्या बरोबरीने तापत गेला, तर कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरकडे चाललंय. अगदी किंचित ऊब मात्र चालते. थर्मोस्टॅटच्या तबकडीत हवा निघून जायला एक बारीक भोक असतं, त्यातून थोडं कूलंट जातच राहतं.

पंख्याचं काय?

पंखा सतत गरगरत असेल तर दोष त्याच्यावर ढकलायचा मोह होतो. पंखा रेडिएटरमधलं कूलंट गार करतो. थर्मोस्टॅट पूर्ण बंद असेल तर ते कूलंट इंजिनात येतच नाही. त्यामुळे चांगल्या थर्मोस्टॅटचं इंजिन एकट्या पंख्यामुळे सहसा फार गार पडत नाही. झडप थोडी गळत असेल आणि वर पंखाही अडकला असेल, तर मात्र दोघं मिळून इंजिनाला तापूच देत नाहीत.

तरी पंखा बघाच, कारण मोठ्या ट्रकचा पूर्ण जोडलेला पंखा इंजिनाची बरीच ताकद विनाकारण खातो. व्हिस्कस क्लच (आतल्या दाट तेलाच्या जोरावर पंख्याला ओढणारा) असेल तर इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवा: थोडा अडखळत फिरावा, इंजिनाशी घट्ट जखडलेला नसावा. गार इंजिन सुरू केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं असा पंखा घोंगावतो, ते ठीक आहे. हवेवर चालणाऱ्या क्लचमध्ये रचनाच बहुधा अशी असते की हवा गेली किंवा वायर तुटली तर पंखा चालूच राहावा, म्हणजे इंजिन तापून फुटू नये. म्हणून सतत चालणाऱ्या पंख्यामागे हवेची गळती किंवा सोलेनॉइडचा प्लग निघतो. एसी चालू असतानाही पंखा लागतो, तपासताना तो बंद ठेवा.

रेडिएटरसमोर कुणी पुठ्ठा लावला असेल तर तो आधी काढा. पुठ्ठा लावून काटा वर येतो हे खरं, पण झडप उघडीच राहते. शिवाय इंटरकूलरचीही (इंजिनात जाणारी हवा गार करणाऱ्या जाळीची) हवा अडते आणि लोडवर गाडी गेली की उलटा त्रास सुरू होतो.

झडप बाहेर काढल्यावर

थर्मोस्टॅटचं घर उघडलं आणि आत थर्मोस्टॅटच नाही, असंही होतं. केव्हातरी गाडी तापली आणि कुणीतरी तो काढून फेकला. हा उपाय मला मनापासून चुकीचा वाटतो आणि त्याचं कारण वरच्या बायपासमध्ये आहे. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपास बंद करतो, तिथे तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग लोडवर बरंचसं गरम कूलंट रेडिएटर टाळून परत इंजिनात येतं आणि तापण्याचा त्रास उलट वाढतो. हलक्या लोडवर गार, चढावर गरम, असं विचित्र इंजिन दिसलं की मी आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का ते बघतो.

तो असेल तर हातात घेऊन उजेडासमोर धरा. खोलीच्या तापमानाला झडप पूर्ण मिटलेली असायला हवी. कडेने उजेड दिसला, गंजाचा किंवा जुन्या गॅस्केटचा कण अडकलेला दिसला, तर उत्तर मिळालंच. न दिसलं तर पाण्याची परीक्षा घ्या. स्क्रू ड्रायव्हरने झडप किंचित उघडा, फटीत दोरा धरा आणि सोडून द्या, म्हणजे स्प्रिंग दोरा घट्ट पकडते. त्याच दोऱ्याने थर्मोस्टॅट पाण्याच्या भांड्यात टांगा. तो पूर्ण बुडालेला हवा, पण तळाला टेकलेला नको, कारण तळ पाण्यापेक्षा जास्त तापतो. शेजारी थर्मामीटर सोडा आणि मंद आचेवर, ढवळत ढवळत पाणी तापवा. घाई केली तर मेण मागे राहतं आणि आकडा चुकतो. ज्या क्षणी झडप सुटायला लागते त्या क्षणी दोरा निसटतो आणि थर्मोस्टॅट टप्‌कन तळाशी बसतो. तेव्हाचं तापमान वाचा. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे असेल तर चांगला. ८२ कोरलेला तुकडा ६५ ला खाली पडला, तर तो गेलेला आहे. पाणी गार करून झडप पूर्ण मिटते का तेही बघा, कारण उघडणं बरोबर आणि मिटणं अर्धवट, असाही दोष असतो.

झडप या परीक्षेत पास झाली तरी घर तपासायचं सोडू नका. थर्मोस्टॅटभोवती रबरी सील असतं. ते कडक झालं, तुटलं किंवा बसवताना दुमडलं, तर कूलंट झडपेला वळसा घालून रेडिएटरकडे पळतं. घराच्या आतल्या बाजूला जिथे सील टेकतं तिथे गंजाने खड्डे पडले असतील तर नवं सीलही ते थांबवू शकत नाही. "नवा थर्मोस्टॅट टाकला, तरी गारच" या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हेच सापडलंय, किंवा मग चुकीच्या आकड्याचा थर्मोस्टॅट.

बऱ्याच मोठ्या इंजिनांत दोन थर्मोस्टॅट असतात. एक जरी उघडा अडकला तरी इंजिन गार पडतं. दोन्ही सारखेच जुने असतात, म्हणून बदलायचे तर जोडीने.

बसवताना मेणाची डबी इंजिनाकडे, म्हणजे गरम कूलंटमध्ये राहील असं बघा, आणि हवेचं भोक वरच्या बाजूला. कूलंट भरल्यावर हवा नीट काढा, नाहीतर सेन्सरपाशी पोकळी राहून काटा पुन्हा फसवेल. मग स्कॅनर लावून गाडी रस्त्यावर न्या, जमल्यास लोडसह. तापमान चढून थर्मोस्टॅटच्या आकड्याजवळ थांबतं का बघा, आणि नंतर एखाद्या लांब उतारावर पाय काढून बघा. पूर्वी जिथे ते ६० पर्यंत घसरायचं, तिथे आता ते थोडं उतरून स्थिरावलं पाहिजे.

हे झालं की ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलूनच गाडी द्या, मुदत झालेली नसली तरी. इतके दिवस त्यात उतरलेलं सगळं डिझेल इंजिन गरम झाल्यावरही निघून जात नाही. आणि डीपीएफ असेल तर त्यातली काजळी किती साठलीय तेही स्कॅनरवर बघा, गरज असेल तर उभ्या गाडीत रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळण्याचं काम, करून घ्या.